ऐच्छिक वेलांटी

मंडळी, आजची पोस्ट जरा तांत्रिक आहे. नातेवाईकांनी कंटाळा आला तर मधला परिच्छेद खुशाल गाळावा, पण पुढे वाचावं. विषय आपल्याच घरातल्या नावांचा आहे.

गेले काही महिने मी आपली वंशावळ टंकतोय. पायथनमधला एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक नावाचं चित्र काढून मोठ्या कागदावर मांडतो. चित्रं काढायला पिलो नावाची लायब्ररी लागते. बहुतेकांना ती आयती मिळते. माझा लॅपटॉप मात्र म्हातारा, ३२ बिटांचा. त्याच्यासाठी तयार काही मिळेना. म्हणजे सोर्स आणा आणि घरीच बांधा.

बांधायला बसण्याआधी काय काय लागतं ते वाचून काढायची माझी जुनी सवय. पिलोला झेडलिब आणि जेपेग या दोन गोष्टी सक्तीच्या. त्या नसतील तर काम तिथल्या तिथे आरडाओरडा करून थांबतं. मला असं भांडखोर सॉफ्टवेअर फार आवडतं! बाकी सगळं 'ऐच्छिक'. त्यातच एक राक्म. ती नसली तरी बांधकाम सुखरूप पूर्ण होतं. शेवटच्या गोषवाऱ्यात 'उपलब्ध नाही' अशी एक ओळ येते, बस्स. आणि पिप वापरून बांधलं तर मुद्दाम मागितल्याशिवाय तो गोषवाराही दिसत नाही.

(राक्म हा मूळ अरबी शब्द. लिखाण किंवा आकडा असा अर्थ. आपली 'रक्कम' त्याच घराण्यातली, बरं का.)

राक्म नसली तर इंग्रजीचं फारसं काही अडत नाही. एकापुढे एक अक्षर ठेवत गेलं की झालं. आपल्याकडे तसं नाही. 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी आधी. ही अदलाबदल हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि राक्म तिची पिलोशी गाठ घालून देते. पिलोत ही सोय २०१७ साली, ४.२.० आवृत्तीत आली. राक्मशिवाय बांधलेल्या पिलोत वेलांटी मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात, रफार डोक्यावर चढतच नाही. एरर? एकही नाही. आपल्या घरात विष्णू किती आणि लक्ष्मी किती, मोजा बघू!

ही सगळी नावं आत्याने सांगितलीत. वय वर्षे ८६. पडताळून बघायला तिच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. मोडकी नावं बघून तिला वाटलं असतं, आपलंच सांगताना चुकलं.

म्हणून आधी तपासणी. लायब्ररी मशीनवर असणं वेगळं आणि तिच्या आधाराने दुसरं काही बांधता येणं वेगळं. त्यासाठी हेडर फाइली लागतात आणि डेबियनमध्ये त्या 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात असतात. राक्मचं ते पॅकेज घातलं, पीकेजी-कॉन्फिगला तिची आवृत्ती विचारली, आकडा आला. मगच बांधकाम. नंतर पिलोच्या फीचर्स मॉड्यूललाही विचारलं, राक्म आहे का? उत्तर: ट्रू. हुश्श!

ऐच्छिक कुणासाठी, हे ती यादी सांगत नाही. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी निदान ते नाव तरी लिहून ठेवलंय. असो.

पहिलं पान छापून आत्याला पाठवलं. वेलांट्या सगळ्या जागेवर होत्या. तिचा फोन आला, "अक्षर किती बारीक काढलंयस रे!"