दोन तिकिटं आणि एक शेरा

‘विद्यार्थ्यांचा वेळ अवांतर बाबींत जात आहे. पाठ्यघटक मागे.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात हे लिहिलं, खाली लफ्फेदार सही केली आणि चहा न घेता गेले. संध्याकाळी आमच्या शाळेतल्या एका भिंतीचा फोटो तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झळकला. खाली मजकूर : ‘उपक्रमशील शाळा!’ फोटो त्याच साहेबांनी काढलेला.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. त्यांच्या वर्गात चौथीचा एक मुलगा होता, त्याला सगळे ‘कंडक्टर’ म्हणत. गावात मुक्कामी एसटी येते. हा सकाळी ती सुटेपर्यंत तिथेच, मग धापा टाकत परिपाठाला. गाडीचा नंबर पाहून ती कुठे बांधली ते सांगायचा. एमएच-२० असेल तर चिकलठाणा, एमएच-१४ असेल तर दापोडी, एमएच-४० म्हणजे हिंगणा. मराठीचं पुस्तक उघडलं की मात्र त्याचं पोट दुखायचं.

बाईंनी एक दिवस त्यालाच फळ्याजवळ उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, आज विचारायचं ते याला विचारा. तिथून सुरू झालं ते आटपेनाच. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला धावली, हे कुणाच्या तरी आजोबांकडून वर्गात आलं. मग पुणे-नगर नकाशात शोधणं आलं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे आपल्या तालुक्याला टप्पे किती? सहाचा पाढा असा कामाला लागला.

एक गणित मी दाराशी उभा राहून पाहिलं. कुटुंबात आजी ७७ वर्षांची, आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचं शेंडेफळ. पूर्ण तिकीट ८० रुपये, तर एकूण किती? बाकीचे बेरजा मांडत होते. कंडक्टरने बोटांवर मोजत सांगितलं, “आजी फुकट, आई अर्धी, बाबा पूर्ण, ताई अर्धी, धाकटं फुकट. दोन तिकिटं झाली की. एकशे साठ.” मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला : “बाई, ताई मुलगी पण आहे आन् लहान पण आहे. मग तिला पाव तिकीट का नाही?” बाई निरुत्तर. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी खऱ्या वाहकासमोर गेला. तो हसून म्हणाला, “अर्धंच. सवलतीवर सवलत नसते.” हे वाक्य मुलांनी भिंतीवर लिहून टाकलं.

साहेब आले ते याच भिंतीसमोर उभे राहिले. पोराला म्हणाले, सतराचा पाढा म्हण. तो ‘सतरा सक’पाशी अडकला. ज्याने अर्धं-अर्धं जोडून पूर्ण केलं होतं, त्याला त्यांनी अपूर्णांकातलं काही विचारलं नाही. भिंतीवरच्या एका अक्षराबद्दलही नाही. फोटो काढायला मात्र विसरले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकणं स्पष्ट लिहिलंय. प्रशिक्षणात आम्हाला ते दर वर्षी दाखवतात आणि तपासणीत पाढे विचारतात. जे तपासलं जातं तेच शेवटी शिकवलं जातं, मग कलमं किती का असेनात.

‘तोत्तोचान’ या पुस्तकातली तोमोए शाळा आम्हा शिक्षकांच्या तोंडी फार असते. टोकियोतली, आगगाडीच्या डब्यांतली. तिथे सकाळी दिवसभराची कामं फळ्यावर लिहीत आणि मूल आपल्या आवडीच्या विषयापासून सुरुवात करी. पण कामं सगळीच संपवायची असत, हे सोयीस्कर विसरलं जातं. कंडक्टरचं वाचन कच्चं होतं, हेही खरंच. वेळापत्रक तो घडाघडा वाचायचा, धडा नाही. त्यामुळे शेऱ्यातला दुसरा भाग अगदीच खोटा होता, असं मला म्हणवत नाही.

शिवाय आवड कुणाची? एसटी तीन-चार पोरांची होती, बाकीचे मागे ओढले गेले होते.

यंदा चौथीच्या एका मुलाला बैलगाडा शर्यतीचं वेड आहे. आमच्या भागात ते घरोघरी असतं. घाटात बारी किती सेकंदांत मारली, ते तो दशांशासकट सांगतो. २०१४ची बंदी, २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळं त्याला ठाऊक. बाईंना याच्यावर महिना काढायचाय. मला एसटी चालली, शर्यत चालत नाही. तिथे पैजा लागतात, बैलांचे हाल होतात. बाई विचारतात, “मग हे मुलांशीच बोलायला नको का, सर?” मी अजून हो म्हटलेलं नाही. पोरगं रोज वहीत वेगवेगळ्या बाऱ्यांची सरासरी काढून मला दाखवायला आणतंय.