खोडव्यातला केवडा

वाचकहो, केवडा म्हटले की तुम्हा-आम्हाला गौरी-गणपतीचे दिवस आठवतात. पण उसाच्या खोडव्यात 'केवडा पडला' असे कुणी म्हणाले, की ऊसवाल्याच्या पोटात गोळा येतो. शेंड्याचे पान पिवळेधमक होते आणि पुढे पांढुरके पडत जाते. रोगाला इतके देखणे नाव देणारा माणूस मोठा रसिक असला पाहिजे!

आमच्या शेजारच्या अण्णांच्या खोडव्यात असाच केवडा पडला. जमीन काळी, भारी, खाली चुनखडीचे खडे. अण्णांनी युरियाचे पोते फोडले, पाण्याची पाळी अलीकडे घेतली. ऊस आणखीच पिवळा! डोक्यावर सोसायटीचे कर्ज, त्यात दुकानदाराने महागडी बाटली पुढे केलेली. मी म्हटले, "अण्णा, बाटली राहू द्या. आधी पिवळे पान कोणते ते पाहू."

खरी गोम इथेच आहे. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. झाड त्यांच्यातले नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. म्हणून लोह कमी पडले की कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि खालची पाने हिरवीगार. अण्णांच्या उसाचे नेमके हेच झाले होते. हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतेच, मग ते चिमूटभर का असेना.

तुम्ही म्हणाल, मग जमिनीत लोह नाही का? आहे, भरपूर आहे! पण चुनखडीच्या रानात सामू आठाच्या वर गेला, की ते पाण्यात विरघळत नाही. बळद ज्वारीने भरलेले, पण झाकण निघेना म्हणून घरची माणसे उपाशी, अशी गत. त्यात पाणी तुंबले की मुळे गुदमरतात आणि चुन्याचा जाच वाढतो. म्हणजे अण्णांची जास्तीची पाळी दुखण्यात भरच घालत होती.

परीक्षा अगदी स्वस्त आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे चार थेंब घालून मोजक्या पानांवर शिंपडायचे. हिराकस हिरवट हवा. तांबूस पडलेला घेऊ नका, तो गंजलेला असतो. फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी १८४० च्या दशकातच लोहाचे क्षार लावून पिवळी पाने हिरवी करून दाखवली होती. अण्णांच्या उसावरही जिथे थेंब पडले, तिथे आठवड्यात हिरवे ठिपके उमटले.

मग त्याच मापाने सगळ्या खोडव्यावर फवारा मारला, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पाणी वाफसा पाहूनच. नुसता हिराकस मातीत टाकला तर तोही अडकून बसतो, म्हणून एकरी १० किलो हिराकस कुजलेल्या शेणखतात मुरवून दिला.

नवी पाने हिरवी आली. पाणी धरणाऱ्या दोन वाफ्यांतला ऊस मात्र उचलला नाही. तिथे अण्णांनी यंदा चर खणला आहे.