थिबा राजाकडे विमान नव्हते

लहान मुले घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बाईने एक करावे, आपली लाज घरीच कुलपात ठेवून निघावे. 2024 च्या डिसेंबरात लंडनहून रत्नागिरीस येताना मला हे पुरते पटले. 'ह्यां'ना रजा मिळेना. तेव्हा सहा वर्षांचे चिरंजीव आणि तीन वर्षांची कन्या यांना घेऊन मी एकटीच निघाले.

विमान नऊ तासांचे. त्यातले पहिले दोन तास मुले गंमत बघतात आणि उरलेले सात तास इतर उतारू मुलांची गंमत बघतात! मुंबई जवळ आली, विमान खाली उतरू लागले, तशी कन्येच्या कानांना दडे बसले आणि तिने सूर लावला. काहीतरी चघळत, गिळत राहिले की दडे सुटतात, म्हणून मी पुरचुंडीतून बेदाणे काढले. एकेक बेदाणा तोंडात पडू लागला तसा सूर खाली आला. शेजारच्या आजोबांनीही मुकाट्याने हात पुढे केला.

माझ्या आईच्या लहानपणी मुंबईहून रत्नागिरीस बोटीने यावे लागे. बोट लागू नये म्हणून तिची आई पदराला आवळकाठी बांधून ठेवी. बंदराबाहेर बोट थांबे, मग पोराटोरांसकट पडावात उतरायचे. पावसाळ्यात तर बोटी बंदच. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि ते सारे गोष्टीत जमा झाले. आम्ही गाडीने आलो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागला, तेव्हा चिरंजीवांनी विचारले, "आई, इतक्यात रात्र झाली?"

घरी पोहोचलो. आई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी. कन्या माझ्या ओढणीआड लपली. "ही कोण, ओळखलंस का?" असे विचारताच तिने माझ्या पर्सकडे बोट दाखवून सांगितले, "आजी फोनमध्ये आहे." सगळे हसले. आईही हसली, पण भाकरतुकडा टाकायला म्हणून चटकन अंगणात गेली.

पाच वर्षांनी येत होते मी. 2020 च्या मार्चमध्ये नेहमीची परदेशी विमाने बंद झाली, ती दोन वर्षे. त्याच काळात, 2021 साली, बाबा गेले. कन्या तेव्हा बारा दिवसांची होती. बाबांना मी शेवटचे पाहिले ते हातभर काचेत. पुढे नोकरी, घराचे हप्ते, पोरांची आजारपणे. येऊ येऊ म्हणताना वर्षे गेली.

लंडनच्या आणि इथल्या घड्याळात साडेपाच तासांचे अंतर. रात्री बाराला मुलांची संध्याकाळ! तिसऱ्या रात्री मला जाग आली तो अंथरुणे रिकामी. ओटीवरच्या झोपाळ्यावर आई दोघांना घेऊन बसली होती. कन्या तिच्या मांडीवर बसून मेतकूटभात खात होती आणि गोष्ट चालली होती थिबा राजाची. म्हातारपणी आईला झोप नाही, मुलांना घड्याळ नाही. असे त्यांचे जमले.

दुसऱ्या दिवशी राजाचे घर बघायला गेलो. भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावर तो तीन मजली राजवाडा आहे. वरून खाडी, माड आणि पलीकडे समुद्र दिसतो. इंग्रजांनी 1885 साली मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राणी आणि दोन लहान मुलींसह देशाबाहेर काढले. तिसरी मुलगी मद्रासला झाली. 1886 च्या एप्रिलात ही मंडळी समुद्रमार्गे रत्नागिरीस उतरली आणि चौथी मुलगी इथे जन्मली. हा वाडा तयार झाला 1910 च्या सुमारास. तोवर राजाची हद्दपारी चोवीस वर्षांची झाली होती. 1916 साली तो इथेच वारला. त्याची कबरही गावातच आहे.

दैवाचा खेळ असा, की त्याच सुमारास, 1908 ते 1914, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 1912 साली त्यांची पत्नी इकडे वारली. भेट झाली नाही ती नाहीच.

"मग राजा घरी कधी गेला?" चिरंजीवांनी विचारले.

"गेलाच नाही रे," आई म्हणाली.

"त्याच्याकडे विमान नव्हतं?"

"विमान असून तरी काय! जाऊ द्यायला हवं ना."

मी समुद्राकडे बघत राहिले. मला तर कोणी अडवले नव्हते.

1919 साली राजाचे कुटुंब ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली आणि 1947 साली इथेच वारली. लहानपण जिथे गेले तेच तिचे घर झाले असावे. "लंडनला चल" असे मी वर्षानुवर्षे आईला म्हणते, आणि ती दर वेळी आंब्याची कलमे पुढे करते. त्या दिवशी वाड्याच्या पायऱ्या उतरताना मी ते बोलले नाही.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरत होते. आंबापोळीचा डबा आईने पुढ्यात ठेवला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पासपोर्ट होते. 2019 साली बाबांनी हौसेने दोघांचे काढून आणले होते. एकाही पानावर शिक्का नाही. बाबांचा तिने हळूच पुन्हा डब्यात ठेवला आणि आपला माझ्या हातात दिला.

"बघ गो, हा कधी संपतो?"

"2029 ला."

आईने झोपलेल्या कन्येच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. "यंदाचा आंबा उतरून होऊ दे," ती म्हणाली, "मग बघू. ते बेदाणे मात्र माझ्यासाठीही ठेव हो. कान माझेही दुखायचे."