लाकडातलं काळीज

स्वर्गात गेलेल्या बुद्धाचा विरह सोसवेना, म्हणून कौशांबीच्या उदयन राजाने चंदनाची मूर्ती घडवून घेतली. पुढे साक्षात बुद्ध स्वर्गातून उतरले, तेव्हा ती मूर्ती उठून त्यांना सामोरी गेली. ही कथा आपल्याकडची. पण ती जिवापाड जपली चीनने. चिनी भिक्खू ह्युएनत्संग ६४५ साली भारतातून मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या सामानात त्या मूर्तीची चंदनी प्रतिकृती होती. चीनमधल्याच एका मूर्तीला तर लोक उदयनाची मूर्ती मानून पूजू लागले.

९८३ साली चोनेन हा जपानी भिक्खू चीनला आला. दोन्ही दरबारांत तेव्हा रीतसर दूतांची ये-जा नव्हती. तरी सोंग सम्राट ताइझोंगने त्याला बोलावून जपानची विचारपूस केली आणि कोरीव लाकडी ठशांवरून छापलेला पाच हजारांहून अधिक खंडांचा बौद्ध ग्रंथसंग्रह भेट दिला.

चोनेनचा जीव मात्र उदयनाची मानल्या गेलेल्या त्या मूर्तीत गुंतला होता. ९८५ साली ताइझोऊमध्ये झांग आडनावाच्या दोघा भावांनी त्याला तिची प्रतिकृती करून दिली. चेरीचं लाकूड, उंची सुमारे १६० सेंटिमीटर. पाण्यात खडा पडल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या चिवराच्या चुण्या गळ्यापासून खाली उतरत जातात. आज ही मूर्ती क्योतोच्या सेइर्योजी मंदिरात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर तिच्या पोटातली पोकळी उघडली गेली. आत रेशमी कापडाचे अवयव निघाले: हृदय, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं. चिनी भिक्खुणींनी ते अर्पण केले होते. शेजारी नाणी, आरसा, आणि चोनेनच्या जन्माची नोंद असलेला, नाळेसोबत जपलेला कागदही होता.

जपानमध्ये सांगतात, की रातोरात अदलाबदल होऊन खरी मूर्तीच इकडे आली. मला त्या अदलाबदलीची गरजच वाटत नाही. जिच्या छातीत कुणी हृदय घालून दिलं, तिला प्रतिकृती तरी कसं म्हणावं?

राजाने राजाला दिलेल्या भेटीची दप्तरात नोंद होते, दरबारात ती मिरवली जाते. त्या बायकांनी जे दिलं ते पोकळीत ठेवून वरून फळी बसवायची होती. पुन्हा कुणाच्या नजरेला पडण्याची आशाच नव्हती. तरी त्यांनी एकेक अवयव ओळखून, वेगळा करून दिला. परक्या मुलखात निघालेल्या देवाला काही कमी पडू नये, एवढीच काळजी त्यामागे असणार. देशादेशांतलं सख्य करारमदारांनी सुरू होत असेल. ते टिकतं अशा न मिरवणाऱ्या मायेवर.