उस्तादचा कान आणि भाच्याचा लॅपटॉप

आपल्या समाजात गॅरेज हे फक्त पोट भरण्याचे ठिकाण नाही, ती एक शाळाही आहे. मिस्त्रीला तिथे उस्ताद म्हणतात. शागीर्द दोन-तीन वर्षे नुसते पाने धुतो, मग एके दिवशी त्याच्या हातात कार्बोरेटर येतो. स्क्रू किती फिरवायचा हे पुस्तकात नसते, ते कानात असते. माझ्या पिढीने हे जवळून पाहिले. पण आता गाडीचा मेंदू बॉनेटखालच्या एका बंद डब्यात गेला आहे आणि त्याच्याशी बोलायला लॅपटॉप लागतो. मग कानात विद्या साठवलेल्या माणसांचे काय होणार? गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला.

माझ्या भाच्याने ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आहे. त्याने जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली. ही गाडी इथल्याच चाकणच्या कारखान्यातली. इंजिन १.२ लिटरचे, टर्बो लावलेले. ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आणि सोबत दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याला ती 'ट्यून' करायची होती. आणि केवळ हौस म्हणून नव्हे, पुढे हाच धंदा करायचे त्याच्या मनात होते. अडचण एकच होती. माझी बहीण, म्हणजे आमची आपा, दर पंधरा दिवसांनी उपचारांसाठी साताऱ्याहून पुण्याला जाते, ती याच गाडीने. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे विषय निघाला तेव्हा आपाने एवढेच विचारले, "बेटा, खंबाटकीत बंद पडली तर?"

भाच्याने मला तीन पर्याय समजावून सांगितले. मी इंजिनातला माणूस नाही. तरी त्याच्यासोबत चार ठिकाणी फिरलो, ऐकले, लिहून घेतले. ज्यांच्या घरी असा मुलगा आणि अशी गाडी आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून ते इथे मांडतो.

आधी टर्बोचे काम थोडक्यात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटी चक्की फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. ही चक्की मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. पण दाबलेली हवा तापते. फार तापली की ठिणगीने लावलेली आग पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोकल्यासारखे वाजते. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टन फुटतो. हे टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे तो बंद डबा, इंजिनावर बसवलेल्या सेन्सरमधून सतत ऐकत असतो आणि आवाज आला की ठिणगी थोडी उशिरा टाकतो. ताकद कमी होते, इंजिन वाचते.

आता पर्याय. पहिला, मूळ ईसीयू काढून स्वतंत्र ईसीयू बसवायचा. हॅलटेक, मोटेक यांसारखे महागडे आहेत, मेगास्क्वर्ट किंवा स्पीड्युइनोसारखे स्वस्त आणि शिकणाऱ्यांचे आवडतेही आहेत. यात प्रत्येक गोष्ट आपल्या हातात येते. भाच्याचा जीव यातच अडकला होता. पण या गाडीत ईसीयू एकटा नसतो. गिअर बदलताना गिअरबॉक्स त्याला सांगतो, क्षणभर जोर कमी कर. ब्रेकची यंत्रणा, चावीची सुरक्षा, मीटर, सगळे एकाच तारेवर बोलत असतात. घरातला कर्ता माणूस बदलला आणि नव्याला घरची भाषाच येत नसेल, तर जे होईल तेच इथे होते. ही यंत्रणा जुन्या साध्या गाडीला किंवा शर्यतीच्या गाडीला शोभते. रोजच्या ऑटोमॅटिक गाडीला नाही.

दुसरा पर्याय स्वस्त आणि तासाभरात बसणारा. एक छोटी डबी. ती दाबाच्या सेन्सरची वायर मध्येच पकडते आणि ईसीयूला खरा आकडा न देता कमी आकडा देते. ईसीयूला वाटते दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो. काढून टाकली की गाडी पूर्ववत. अनेकांना हे सोयीचे वाटते. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्ग उस्तादांना भाच्याने हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "जिससे काम लेना है, उसी से झूठ बोलोगे?"

त्यांनी लॅपटॉप कधी उघडलेला नाही, पण नेमकी दुखरी नस त्यांनीच पकडली. ईसीयू इंजिनाचा टॉर्क किती हे हिशेबाने काढतो आणि गिअरबॉक्सला कळवतो. त्या आकड्यावरून गिअरबॉक्स क्लच किती जोराने धरायचा हे ठरवतो. ईसीयूलाच चुकीचे सांगितले तर त्याचा हिशेब कमी येतो, क्लच हलका धरला जातो आणि प्रत्यक्षात जोर जास्त असतो. या गाडीचे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. घाटातल्या गर्दीत ते घसरू लागले तर जळायला वेळ लागत नाही.

तिसरा पर्याय रीमॅप. मूळ ईसीयू तोच ठेवून त्याच्या आतले तक्ते बदलायचे. किती फेऱ्यांना किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी कधी आणि टॉर्कची वरची मर्यादा किती. इथे कोणी कोणाशी खोटे बोलत नाही. सगळे एकाच हिशेबाने चालतात. पण फाइल कोणाची, हा प्रश्न उरतोच. एका ठिकाणी आम्हाला २४० न्यूटन-मीटरची फाइल दाखवली. त्या गिअरबॉक्सची कंपनीने ठरवलेली मर्यादा २५० आहे. म्हणजे नवा असताना जो काठ होता, त्या काठावर जुना गिअरबॉक्स उभा करायचा. आणि फाइल बनवली होती युरोपातल्या ९८ ऑक्टेन पेट्रोलवर. साताऱ्याच्या पंपावर ते कोण देणार?

शेवटी ज्याच्याकडे काम केले, त्याने पहिल्या दिवशी काहीच बदलले नाही. म्हणाला, आधी आहे तशी गाडी चालवून नोंदी आणा. भाच्याने पुणे ते सातारा चालवून लॉग काढले. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, कोणत्या सिलिंडरमध्ये ठिणगी किती अंश मागे गेली. खंबाटकीच्या चढावर एकच सिलिंडर सारखा कुरकुरत होता. स्पार्क प्लग झिजलेले निघाले. ते बदलले, दाबाची एक सैल नळी घट्ट केली, आणि निम्मी तक्रार तिथेच संपली. माझा सल्ला विचाराल तर हाच: जो आधी लॉग मागत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

मग रीमॅप केला, पण टॉर्क २१० वर थांबवून. कमी फेऱ्यांवरचा जोर फारसा वाढवला नाही, कारण लहान टर्बो इंजिनाला तळाशी जास्त ओझे दिले की घात होण्याची भीती तिथेच जास्त असते. मूळ फाइलची प्रत भाच्याने जपून ठेवली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू दिला नाही. धूर शेवटी दुसऱ्यांच्याच फुफ्फुसात जातो. विमा कंपनीला लेखी कळवले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे गाडीतले बदल हा गमतीचा विषय राहिलेला नाही. अपघात झाल्यावर "सांगायचे राहून गेले" हे उत्तर चालत नाही.

दोन आठवड्यांनी आपा त्या गाडीतून पुण्याला जाऊन आली. भाच्याने मोठ्या आशेने विचारले, "अम्मी, काही फरक वाटला?" ती म्हणाली, "कसला फरक? झोप लागली होती मला." भाचा हिरमुसला. मला मात्र ट्यूनिंगचे याहून चांगले प्रमाणपत्र सुचत नाही.

स्वतंत्र ईसीयूचा नाद त्याने सोडलेला नाही. उस्तादांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एका भंगारातल्या मारुती ८०० चे इंजिन स्टँडवर चढवले आहे. कार्बोरेटर काढून त्यावर इंजेक्टर, दातेरी चक्र, सेन्सर आणि स्पीड्युइनो बसवण्याचे काम चालू आहे. तिथे बिघडले तर कोणाचा उपचार चुकत नाही. परवा मी गेलो तेव्हा भाचा पडद्यावरचे तक्ते भरत होता आणि उस्ताद डोळे मिटून बाजूला उभे होते. मध्येच म्हणाले, "अब ज्यादा हो गया, वापस ला." भाच्याने आलेख पाहिला आणि ठिणगी दोन अंश मागे घेतली. दोघेही मग चहा प्यायला बसले, आणि उस्तादांनी पहिल्यांदाच विचारले, "ये स्क्रीन पे कौन सी लकीर क्या बोलती है, जरा बता तो."