भिशीतला अपवाद

मंडळी, सत्तरीनंतर माणसानं नातवंडं खेळवावीत, हरिपाठ म्हणावा. संगणकाचे प्रोग्रॅम लिहू नयेत, असं आमच्या सौ.चं मत. पण दिवाळीच्या सुट्टीत नातवाने ब्लॉकचेनचं वेड डोक्यात घातलं आणि मराठी माध्यमातून बी.ए. झालेला हा मास्तर पुन्हा विद्यार्थी झाला.

ब्लॉकचेन म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. शाळेचं जनरल रजिस्टर आठवा. त्यात खाडाखोड चालत नाही. समजा, अशा रजिस्टरच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर आहेत आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा आहे. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढचे ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनच्या रजिस्टरात मुख्यतः पैशांच्या नोंदी असतात. ३० जुलै २०१५ ला सुरू झालेल्या इथेरियमने नोंदींबरोबर नियमही तिथेच लिहायची सोय केली. नियमांच्या त्या प्रोग्रॅमला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, आणि त्यावर उभं राहतं ते विकेंद्रित ॲप. ते कुणा एका मालकाच्या संगणकावर अवलंबून नसतं.

सुरुवात वाटते तितकी अवघड नाही. 'रिमिक्स' नावाचं साधन ब्राउझरमध्येच उघडतं. भाषा सॉलिडिटी. सरावासाठी तिथे लुटुपुटीची खाती मिळतात, प्रत्येकात १०० खोटे इथर. त्यानंतर सार्वजनिक सरावाचं जाळं, म्हणजे टेस्टनेट. आणि शेवटी खरं जाळं, जिथे प्रत्येक नोंदीला 'गॅस' नावाचं शुल्क पडतं. वॉलेटचे गुप्त शब्द मात्र कागदावर लिहून कुलपात ठेवा, नातवालाही दाखवू नका!

पहिला धडा म्हणून मी आमच्या स्टाफरूममधली भिशी निवडली. १२ सभासद, महिना ५०० रुपये, दर महिन्याला एकाला ६,०००. दोन गोष्टी लगेच कळल्या. कॉन्ट्रॅक्टला आपल्या खिशातले रुपये कळत नाहीत. त्याच्या जगात इथर किंवा तिथलीच टोकन. आणि एक तारीख आली म्हणून ते आपण होऊन जागं होत नाही, कुणीतरी व्यवहार पाठवून उठवावं लागतं. घंटा वाजवायला शिपाई लागतोच.

एवढं जमलं. अडलो ते वेगळ्याच जागी. एका वर्षी आमच्या शिपाईमामांच्या पत्नीचं ऑपरेशन निघालं. त्या महिन्याचा नंबर एका बाईंचा होता. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता त्याच म्हणाल्या, "आधी मामांना द्या." वहीत असा नियम कुठेच नव्हता. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मामा रांगेतच उभे राहिले असते. बरं, वहीत मागाहून कलम वाढवता येतं. साखळीवर चढवलेला कोड जसाच्या तसा राहतो. पुढे नवा कोड जोडायची वाट हवी असेल तर तीही आधीच आखावी लागते.

वाटलं, ही म्हाताऱ्या मास्तराची हळवी शंका असेल. पण खुद्द इथेरियमवर जून २०१६ मध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीच्या कोडमधल्या फटीतून कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळवले. कोडने करू दिलं तेच त्याने केलं, असंही म्हणणारे होते. जुलैमध्ये बहुसंख्यांनी पैसे परत मिळावेत म्हणून साखळीची वाट बदलली. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या वाटेवरच राहिले. ती इथेरियम क्लासिक या नावाने आजही चालू आहे. न खोडता येणाऱ्या रजिस्टरापुढेही शेवटी माणसांनाच बसून ठरवावं लागलं.

मग मी एक कलम घातलं: ज्याचा नंबर आहे त्याने स्वतः संमती दिली तरच पाळी बदलेल. नातू म्हणाला, "आजोबा, बहुमत ठेवा, सोपं पडेल." मी नको म्हटलं. अकरा जणांनी मिळून बाराव्याचा हक्क काढून घ्यायचा, ही कसली माणुसकी? बाईंनी आपण होऊन दिलं, म्हणून ते शोभलं.

नव्याने शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन, कोड लिहिण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. नियम कोण मोडेल हे सगळेच विचारतात. तो कुणासाठी वाकवावा लागेल, हेही विचारा.

असो. माझी भिशी अजून टेस्टनेटवरच आहे, आणि सध्या बाराही सभासद मीच आहे!