रा. रा. बुधवार यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपलं कुशल असणारच. आठवड्यातून एकदा यायचं, कुणाच्या तरी घरात, शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पंधरा मुलांचा धुडगूस घालायचा आणि रात्र झाली की निघून जायचं. आवरायला मागून गुरुवार येतोच आहे. अशा माणसाला काय होतंय! उत्तराची अपेक्षा ठेवून लिहीत नाही. पण मनात बरंच साचलंय, आणि ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर सगळ्यांचे अंगठे उमटतील आणि विषय तिथेच मिटेल. म्हणून हे अनावृत पत्र. आणि हो, इतक्या वर्षांच्या ओळखीत हे ‘आपण’ फार वेळ निभायचं नाही, तेव्हा आत्ताच अरे-तुरेवर येते.

इकडची खबर अशी. थोरली हल्ली पहाटे उठते आणि सोसायटीतल्या मांजरांची वंशावळ वहीत उतरवून काढते. धाकटा नवाच्या आत डोळे उघडत नाही, आणि उघडले की पहिला प्रश्न, ‘आज बुधवार का?’ आजींना दोघांचंही पटत नाही. त्यांच्या मते मूल सातला आंघोळ करून, दप्तर घेऊन दारात उभं दिसलं पाहिजे. पुढे शाळेत काय होतं त्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तरी कणीक मळता मळता त्याच धाकट्याकडून पावकी-निमकी म्हणून घेतात. सध्या औटकी चालू आहे. साडेतीनचा पाढा त्याला कशाला हवा, हे मी विचारलेलं नाही. त्या ठेक्यावर पोळ्या भराभर लाटल्या जातात, तेवढं मला पुरे.

गणित जेवणाआधी, कारण जेवणानंतर ते कुणालाच येत नाही, मलाही नाही. दुपारी वाचन. मग बँक, शिंपी, पोस्ट, जिथे जाणं असेल तिथे दोघं बरोबर. ‘मुलं दिवसभर घरातच का?’ असं विचारणाऱ्यांना कल्पना नाही, की आमची मुलं घरात कमी आणि रांगेत जास्त वाढली आहेत. भाजीवाल्या मावशी सकाळी अकराला या दोघांना बघून विचारायच्या, ‘आज सुट्टी का रे?’ त्यावर आम्ही पूर्वी छोटंसं व्याख्यान द्यायचो. धाकट्याने एक दिवस परस्पर निकाल लावला : ‘आमची शाळा बुधवारी असते.’ मावशी म्हणाल्या, ‘बरंय बाबा, एकच दिवस!’ आणि वर कोथिंबीर घातली.

बघ, पोराने तुलाच पुढे केलं. आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटं नव्हतं.

घरी सगळं मिळतं रे. पुस्तकं मिळतात, वेळ मिळतो, हवा तितका घोळ घालायची मुभा मिळते. पण घरी अर्धं वाक्य पुरतं. ‘आई, ते त्या दिवशीचं, तसंच, पण उलटं’ एवढ्यावर मला कळतं, आणि मला कळतं म्हणून ते वाक्य जन्मभर अर्धंच राहू शकतं. तुझ्याकडे तसं चालत नाही. तुझ्या सतरंजीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ते ‘त्या दिवशीचं’ काय ते ठाऊक नसतं आणि तेरा वर्षांच्या दादाला ऐकून घ्यायची सवड नसते. मग वाक्य पुरं करावंच लागतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते.

पहिल्यांदा आलास तेव्हा आपण दोनच घरं होतो. थोरली तेव्हा पाच वर्षांची, आणि आल्या आल्या टेबलाखाली जाऊन बसली. त्या दिवशी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे मांडले होते. ही युक्ती अरविंद गुप्तांची. १९७०च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात त्यांनी ती खेड्यातल्या मुलांसाठी बसवली आणि पुढे पुण्यात आयुकाच्या केंद्रातून असली खेळणी घरोघर पोचवली. काड्यांचा त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर लगेच वाकडा होतो. दुसऱ्या घरातला मुलगा तो वाकडा चौकोन पुन्हा पुन्हा सरळ करत होता आणि चिडत होता. तासाभराने टेबलाखालून एक हात आला आणि त्याने चौकोनात एक काडी तिरपी बसवली. बोलली ती त्याच्या पुढच्या महिन्यात. मधल्या काळात तू एकदाही विचारलं नाहीस, की ही मुलगी टेबलाखाली का.

आणि मे महिन्यातली ती सावली! पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो १३-१४ मेच्या सुमाराला. सूर्य अगदी डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली. त्याची तयारी म्हणून एप्रिलपासूनच आपण गच्चीवर वाळूच्या बादलीत काठी रोवली होती आणि दर दहा मिनिटांनी खडूची खूण करत होतो. सगळ्यांची खात्री, सर्वांत आखूड सावली बारा वाजता. बारा वाजले, सावली आपली आखूड होतच चाललेली. साडेबारा वाजले. नऊ वर्षांच्या एकीने जाहीर केलं, की या घरातली घड्याळं चुकीची आहेत. मग मोबाइल बघितले, त्यांचंही तेच. पस्तिसाच्या आसपास सावली थांबली आणि उलट लांबायला लागली.

तेरा वर्षांच्या दादाने तेव्हा सांगितलं, की आपलं घड्याळ आपल्या सूर्यावर चालतच नाही. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. पुणे ७४ अंशांच्याही किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे झाली चौतीस-पस्तीस. त्याचं गणित चोख होतं. पण सहा वर्षांची लगेच म्हणाली, ‘म्हणजे मिर्झापूरला आत्ता संध्याकाळ?’ तो हसला, आणि मग अडकला. कारण घड्याळ दोन्हीकडे सारखंच, सूर्य तेवढा वेगळा, हे त्याला पाठ होतं. सांगता येत नव्हतं. त्याने पहिल्यांदा सांगितलं ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्यांदा त्याने संत्रं आणि विजेरी आणली. तिसऱ्यांदा सांगता सांगता तो मध्येच थांबला आणि स्वतःशीच म्हणाला, ‘अरे, म्हणजे कोलकात्याला बाराच्या आधीच!’ मी हे त्याच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, हाच धडा घरी दोनदा झाला होता.

शून्य सावली खरोखरीची आली त्या दिवशी आपल्या सोसायटीच्या वॉचमनदादांचा मुलगाही गच्चीवर होता. महापालिकेच्या शाळेला सुट्टी होती. तो आला, रमला आणि जाताना थोरलीला विचारून गेला, ‘तुमच्यात हजेरी घेत नाहीत, मग कोण आलं नाही ते कळतं कसं?’ जूनमध्ये त्याची शाळा सुरू झाली. जुलैच्या अखेरीला शून्य सावली परत येते, पण तेव्हा पुण्यात आभाळ भरलेलं. आणि तो बुधवारी दुपारी मोकळा नव्हता.

आता तक्रारी. त्या लिहायच्या नसत्या तर एवढी शाई वाया घालवली नसती.

पहिली किरकोळ. मंगळवारी रात्री नऊपासून ‘उद्या आहे ना?’ चालू होतं. अरे, तू दर आठवड्याला येतोस! मंगळवारनंतर दुसरं कोण येणार? श्रावणात आजी कपाटावर बुध-बृहस्पतीचं चित्र लावतात आणि कहाणी सांगतात. घरी आलेल्या मामाभाच्यांना सुना म्हणतात, आमचे हात रिकामे नाहीत. कामाची तारीख डोक्यावर असलेल्या आठवड्यात मलाही दार उघडून तुला तेच सांगावंसं वाटतं. त्या सुनांचं पुढे काय झालं ते आजी दर वर्षी आठवणीने ऐकवतात, म्हणून गप्प बसते.

दुसरी तक्रार खरी. तुला हल्ली शाळा व्हावंसं वाटायला लागलंय. आधी तक्ता आला : दहा ते अकरा भाषा, अकरा ते बारा विज्ञान. मग ‘गट अ’ आणि ‘गट ब’. लहान लहानांबरोबर, मोठे मोठ्यांबरोबर, म्हणजे शिकवायला सोयीचं. सोयीचं झालंही. पण ज्या मुलांना कोण पुढे, कोण मागे हे ठाऊक नव्हतं, ती तीन आठवड्यांत एकमेकांना विचारायला लागली, ‘तू कितव्या पुस्तकावर आहेस?’ आणि संत्रं-विजेरी आणायची वेळच आली नाही, कारण प्रश्न विचारणारी सहा वर्षांची शेजारच्या खोलीत होती. तक्ता करणाऱ्यांना दोष देत नाही. नातेवाइकांना दाखवायला हातात काहीतरी असावं असं प्रत्येकाला वाटतं. सतराशे साठ प्रश्न असतात त्यांचे, आणि पहिला हाच, की कायद्याने हे चालतं का?

तर ते असं आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यातलं दहावं कलम मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतं. न घातल्यास पालकाला शिक्षा काय, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. या मधल्या फटीत आम्ही राहतो. नातेवाइकांना फट आवडत नाही. तुझा तर त्या कायद्यात उल्लेखही नाही, तू निवांत.

याच संदर्भात एक सांगायचंय. मागे आपल्यातल्या कुणीतरी फलक करायचं काढलं होतं, ‘घरी शिकलेल्या थोर स्त्रिया’ : जोतिरावांकडून शिकलेल्या सावित्रीबाई, गोपाळरावांनी शिकवलेल्या आणि १८८६मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई, आईकडून संस्कृत शिकलेल्या पंडिता रमाबाई. मी विरोध केला, आणि त्यावरून थोडं वाजलंही. माझं म्हणणं अजून तेच आहे. त्या घरी शिकल्या, कारण शाळेचं दार त्यांना बंद होतं किंवा शाळाच नव्हती. आमच्यासाठी दार उघडं आहे, आम्ही ते आपण होऊन लोटून घेतलंय. ही चैन आहे. घरातलं एक माणूस आठवड्याच्या मधोमध मोकळं ठेवता येतं म्हणून जमते. सावित्रीबाई घरी शिकल्या आणि पुढे काय केलं? तुझ्याच नावाच्या पेठेत, भिडे वाड्यात, १८४८मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या. मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. जुना वाडा आता नाही, स्मारकासाठी २०२३च्या अखेरीस पाडला. धाकट्याने रस्त्यातच विचारलं, ‘त्यांनी घरी शिकून शाळा का काढली?’ लगेच उत्तर सुचलं नाही. मंडईपर्यंत चालत गेलो, आणि तिथे त्याने सीताफळं बघितली.

म्हणून तू शाळा हो, असं नाही म्हणत मी. शाळा काढायच्या तर खऱ्या काढाव्यात, सगळ्यांसाठी, सावित्रीबाईंनी काढल्या तशा. आठ घरांनी मिळून तुझ्यावर शाळेचं सोंग चढवण्यात हशील नाही. सोंगाला ना शाळेचा मोठेपणा येतो, ना तुझा गोंधळ उरतो.

आता विनंत्या, थोडक्यात.

गट अ आणि गट ब एक कर. शिकवणाऱ्यांची गैरसोय होईल, होऊ दे. टेबलाखाली कुणी बसलं तर बसू दे. सध्या तिथे एक नवा चार वर्षांचा गृहस्थ असतो आणि त्याची आई फार काळजीत आहे. तिला थोरलीकडे पाठव.

सर्वांत मोठी विनंती दादाबद्दल. तो चौदाचा होईल आता. मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची, की १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची बाहेरून द्यायची, यावर त्याच्या घरी खल चालू आहे. काहीही ठरलं तरी क्लास लागेल, आणि क्लासला तुझाच वार पडेल, असं दिसतं. दर वर्षी असंच होतं. ज्यांच्या तोंडून शिकावं ती मुलं नेमकी तेव्हाच जातात, आणि लहानांना प्रश्न विचारायला आम्ही आया तेवढ्या उरतो, अर्धी वाक्यं समजून घेणाऱ्या. तू क्लासवाल्यांशी बोलू शकत नाहीस, ठाऊक आहे. पण महिन्यातून एक दुपार तरी त्याला वळवून आण. खायला काहीतरी चांगलं ठेवलं तर तो येतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मिसळ असेल तर दुसऱ्या दोघांनाही घेऊन येतो.

आणि हजेरी. वॉचमनदादांच्या मुलाचा प्रश्न थोरली विसरलेली नाही. तिने वही केलीय. आलेल्यांची नावं त्यात नसतात, फक्त न आलेल्यांची, आणि त्यांना संध्याकाळी फोन करायचा. मांजरांच्या वंशावळीच्या मागच्या पानावरच आहे. तुझी हरकत नसेल तर चालू ठेवू दे. या आठवड्यात त्या वहीत वॉचमनदादांच्या मुलाचंही नाव होतं. त्याला फोन करायची गरज नव्हती, ती खाली जाऊन विचारून आली. तो म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत येईन, पण उन्हातलं काहीतरी ठेवा.

बाकी ठीक. तुझ्या भावंडांना, विशेषतः बिचाऱ्या गुरुवारला नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझी,
थोरलीची आणि धाकट्याची आई

ता. क. : पुढच्या खेपेला आमच्याकडेच यायचं आहे. येताना ज्याने त्याने आपापली ताटली आणावी. आणि निळ्या झाकणाचा स्टीलचा डबा कुणाचा आहे, ते विचार. गेले दोन महिने आमच्याकडे आहे, आणि आजींनी आता त्यात जिरं भरलं आहे.